काय दिसलं ते सांग

शिट्टीबाईंबद्दल लिहायला बसलेय खरी, पण आधीच सांगून ठेवते, मला कुणाचं कौतुक धड करता येत नाही. वीस वर्षं पोहण्याच्या तलावाच्या तिकीटखिडकीत बसून "टोपी आणलीत का? आधी अंघोळ. नाही, अंगाला तेल चोपडून उतरता येणार नाही" एवढंच बोलत आलेल्या बाईकडून गोडगोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नये. आमचे हे म्हणतात, तू घरातसुद्धा खिडकीतूनच बोलतेस. म्हणोत बापडे.

तर शिट्टीबाई. आमच्या तलावावरच्या मुख्य गार्ड. उंच खुर्चीत बसून पाण्यातल्या माणसांवर नजर ठेवायची आणि कुणी गटांगळ्या खायला लागलं तर उडी मारून बाहेर काढायचं, हे त्यांचं काम. आईबापांनी ठेवलेलं नाव आहे त्यांना, चांगलं भारदस्त, पण हजेरीपटाबाहेर ते कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, पायांत निळ्या रबरी चपला, हातांची बोटं कायम सुरकुतलेली. गळ्यात शिट्टी असते, पण वाजवतात कमीच. वाजली की मात्र रस्त्यावरचा माणूससुद्धा जागच्या जागी थांबतो, अशी आमच्याकडे थट्टा आहे.

बाई एकोणिसाव्या वर्षी इथं लागल्या त्या टॉवेल धुवायला. पोहता येत नव्हतं. पाण्याची अशी धास्ती की टॉवेलांची टोपली घेऊन जाताना भिंतीला घासत चालायच्या. सात वर्षं अशी काढली. मग एका दुपारी टोपली घेऊन दारात उभ्या असताना त्यांना दिसलं, की खोल बाजूला एक शाळकरी मुलगी पाण्याखाली चाललीय. ओरडत नव्हती, हात हलवत नव्हती, नुसती खाली चालली होती. बुडणारं माणूस आवाज करत नाही, हे तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं. गार्ड तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा राहून कुणाशी तरी गप्पा छाटत होता. बाईंनी टोपली टाकली आणि किंचाळल्या. गार्डनं उडी मारली, मुलगी वाचली, त्याचं कौतुकही झालं. "पण बघितलं मी," बाई सांगतात, "आणि ओरडण्याशिवाय मला काही करता आलं नाही. त्याचीच जास्त चीड आली." दुसऱ्या दिवसापासून सव्वीस वर्षांची ही बाई सहा-सहा वर्षांच्या पोरांबरोबर लहान तलावात फळी धरून पाय मारायला लागली. लोक हसले. हसू देत. दीड वर्षानं गार्डची परीक्षा पास झाल्या, आणि ज्या खुर्चीत तो गप्पिष्ट बसायचा तिच्यात जाऊन बसल्या.

मोजायची सवय अंगात इतकी मुरलेली की लग्नाला गेल्या तरी आधी डोकी मोजतात. त्यांचे यजमान निवृत्त बसड्रायव्हर, मोठे मिस्किल. म्हणतात, "घरी आम्ही दोघंच, तरी रोज सकाळी ही मला मोजते. एक भरला की मग चहा."

आता माझ्या लेकीचं सांगते, कारण त्याशिवाय बाईंचं पुढचं सांगता येणार नाही.

आम्ही तिला ठमी म्हणतो. सातव्या वर्षापासून ती याच तलावात वाढली. माझी खिडकी बंद होईपर्यंत पोरीला ठेवायची कुठं, म्हणून पाण्यात टाकली, आणि ती मासोळीच निघाली. शर्यती जिंकली, अठराव्या वर्षी गार्डचा कोर्ससुद्धा केला. एकोणिसाव्या वर्षी खांदा दुखावला. डॉक्टरांनी सहा महिने पाणी बंद केलं. कॉलेजातून आली की पोर नुसती भिंतीकडे बघत बसायची. मग तिनं फोन हातात घेतला. आम्हीच म्हटलं, बघू दे, तेवढीच करमणूक बिचारीची. खांदा पाचव्या महिन्यात बरा झाला. फोन काही सुटला नाही.

एवढे एवढे व्हिडिओ. कुणी केक कापतंय, कुणी नाचतंय, कुणी मांजराला टोपी घालतंय. एक संपायच्या आत बोट वर सरकतं आणि दुसरा सुरू. एकदा चहा उकळेपर्यंत मी शेजारी बसून मोजले. एकोणतीस. "पहिला कशाचा होता गं?" मी विचारलं. तिला आठवेना. बरं, दुसरा? तोही नाही. शेवटचा, आत्ताचा? "आई, जा ना," म्हणाली.

बघता बघता कॉलेजातली हजेरी बुडाली आणि वर्ष गेलं. मैत्रिणी आधी यायच्या, मग नुसत्या विचारायच्या, मग विचारेनाशा झाल्या. जेवताना फोन पाण्याच्या पेल्याला टेकवलेला. घास तोंडात जातोय का नाकात, पत्ता नाही. काही बोलायला जावं तर अंगावर यायची, नाहीतर ऐकूच यायचं नाही. आम्ही सगळे उपाय करून थकलो. चार्जर लपवला, शपथा घातल्या, हातापाया पडलो. ह्यांनी तर कहर केला. वायफायची पेटीच काढून डब्याच्या पिशवीत घालून रोज कामावर न्यायला लागले. चौथ्या दिवशी मी घरी लवकर आले तर पोरगी जिन्यात, शेजाऱ्यांच्या दाराला पाठ लावून उभी. तिथं त्यांचं वायफाय यायचं. दोन तास उभी होती म्हणे.

त्या दिवशी माझा तोल गेला आणि मी हात उचलला. वीस वर्षांच्या पोरीवर. लिहिताना लाज वाटते, पण उचलला. ती रडली नाही. म्हणाली, "आई, मला आवडतं म्हणून नाही गं बघत. मला थांबताच येत नाही. थांबले की आत कसंतरी होतं."

मी तिथंच जिन्यात बसले. इतके दिवस मला वाटत होतं, पोरगी आळशी झालीय, शेफारलीय. आळशी पोरीला ओरडता येतं. अडकलेल्या पोरीचं काय करतात, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. डिग्री गेली खड्ड्यात, शर्यती गेल्या चुलीत. पोरीनं मान वर करून एकदा आमच्याकडे बघावं, एवढंच मला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी शिट्टीबाईंना गाठलं. पंपघरातल्या बाकावर बसून डबा खात होत्या. त्या मला खिडकीच म्हणतात. सगळं ऐकून घेतलं.

"खांदा बरा आहे ना?"

"बरा आहे."

"सुट्ट्यांमध्ये मला एक गार्ड कमीच पडतो. तीन महिने बघते. पण ऐक, खिडकी. तीन महिन्यांनी मी नाही म्हटलं तर नाही. तुझ्या पोरीला बरं करायला मी माणसं बुडवणार नाही."

मी कसली बोलतेय! मान डोलावली. संध्याकाळी बाईंनी ठमीला स्वतः फोन केला. उपदेश नाही, काही नाही. "मला माणूस कमी पडतोय. येतेस का?" बस्स. आमच्या घरात दीड वर्षात पोरीला कुणी असं म्हटलं नव्हतं, की तू नाहीस म्हणून आमचं अडलंय. आम्ही नुसतं तिचं काय चुकतंय ते सांगत होतो. सकाळी सात वाजता ती माझ्याआधी चपला घालून दारात उभी.

म्हणजे झालं का सगळं छान? कसलं काय. तिसऱ्याच दिवशी पकडली गेली. फोन लॉकरमध्ये ठेवायचा नियम, आणि हिनं घडी घातलेल्या टॉवेलात ठेवून खुर्चीत नेला. पाण्यात अकरा माणसं आणि गार्डची मान खाली. बाईंनी वर चढून टॉवेल उचलला, फोन माझ्याकडे आणून दिला, आणि मला वाटलं, संपलं, आजच घरी पाठवणार. पण त्या तिला खाली उतरवून स्वतः चढल्या आणि खुर्चीच्या पायरीकडे बोट दाखवलं.

"इथं बस. वीस मिनिटं. मग तुला काय दिसलं ते सांग."

वीस मिनिटांनी ठमी म्हणाली, "लोक पोहतायत."

"हे मला घरी बसूनही कळतं. अजून वीस मिनिटं बस."

असे पाच आठवडे. पाच आठवडे पोरीला खुर्ची नाही, नुसती पायरी. दर वीस मिनिटांनी सांगायचं. दमलंय कोण, घाबरलंय कोण, येत नसून येतंय असं दाखवतंय कोण. पहिल्या आठवड्यात दोन-तीन गोष्टींच्या पुढे गाडी जायची नाही. डोळे चुरचुरतात म्हणायची, डोकं दुखतं म्हणायची, बोटं मांडीवर आपोआप वर सरकत राहायची. मी बघायचे ना, वाटायचं, जाऊन उठवावी तिला. बाई ढिम्म. "दुखू दे. खांदा बरा होतानाही दुखलाच होता की," एवढंच.

आणि मग एके दिवशी जेवताना ठमी आपणहून म्हणाली, "ते लाल टोपीवाले आजोबा आहेत ना आई, ते प्रत्येक फेरीला भिंतीला हात लावून काहीतरी पुटपुटतात. मी आज विचारलं. नातवंडांची नावं घेतात म्हणे. फेऱ्या मोजायला. नऊ नातवंडं झाली की थांबायचं."

ह्यांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं आणि खाली माना घालून जेवत राहिलो. उगाच काही बोललो आणि ती बंद पडली तर काय घ्या! दुसऱ्या दिवशी एक नवरा-बायको, पाण्यात भांडतात आणि बाहेर हातात हात घालून जातात. मग एक नर्स, जी नुसती उताणी पडून छताकडे बघते आणि अर्ध्या तासानं घरी जाते. घरात माणसांच्या गोष्टी यायला लागल्या. ह्यांना तर इतकं व्यसन लागलं त्यांचं की दारातच विचारायचे, "काय गं, नऊ नातवंडं आली होती का आज?"

फोन सुटला असं मात्र म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू? सुट्टीच्या दिवशी अख्खी सकाळ त्यात जायची. कधी दोन पावलं पुढे, कधी चार मागे. पण पकड सैल झाली होती. एकदा तिनं फोन आपल्या हातानं माझ्या पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "संध्याकाळी मागितला तरी देऊ नकोस, आणि मी ओरडले तर मनावर घेऊ नकोस." ओरडलीही. मी दिला नाही आणि मनावरही घेतलं नाही. निदान तेव्हा तरी.

सहाव्या आठवड्यात तिला खुर्ची मिळाली, आणि तिथं मी माती खाल्ली.

बाईंची एक पद्धत आहे. त्यांच्याकडे हाताच्या तळव्याएवढी करडी रबरी चकती आहे. दिवसातून कधीही, कुणाला न सांगता, ती त्या पाण्यात सोडतात. खुर्चीतल्या गार्डला तळाशी गेलेली ती चकती दिसली पाहिजे आणि दहा आकडे मोजायच्या आत शिट्टी वाजली पाहिजे. चकती म्हणजे माणूस, असं समजायचं.

माझ्या खोलीला दोन खिडक्या. पुढची तिकिटांची, मागची तलावावर उघडणारी, नुसती काचेची. ठमी खुर्चीत बसायला लागली आणि माझं अर्धं लक्ष मागच्या काचेत. टॉवेल नेला का? मान खाली झाली का? तिनं माझ्याकडे बघितलं की मी हातवारे करायचे. पाण्याकडे बघ, पाण्याकडे! त्या दिवशी ती जरा पेंगल्यासारखी वाटली म्हणून मी काचेवर टकटक केलं, दोन बोटं डोळ्यांकडे नेऊन पाण्याकडे दाखवली. ती वैतागून मला खुणेनंच सांगत राहिली, की बघतेय गं आई, बघतेय. आमचं हे मूकनाट्य चालू असताना चकती तळाशी जाऊन पडली होती. चार मिनिटं.

बाईंनी ठमीला एक शब्द विचारला नाही. सामानाच्या खोलीत गेल्या, पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन माझ्या खोलीत आल्या आणि मागची काच रंगवायला लागल्या. वरपासून खालपर्यंत, दोन हात.

"अहो बाई, हे काय?"

"पोरगी पाण्याकडे बघत होती. तू तिला ओढून ओढून स्वतःकडे बघायला लावलंस. त्या फोननं तरी दुसरं काय केलं होतं?"

 त्या गेल्यावर खुर्चीत बसून रडले आणि रडता रडता तीन जणांना भलत्याच लॉकरच्या किल्ल्या दिल्या. राग आला होता बाईंचा, मरणाचा राग आला होता, कारण त्यांचं खरं होतं.

त्या काचेनंतर मला काही दिसेनासं झालं आणि पोरगी सुधारली, हे कबूल करायला जिवावर येतं, पण झालं तसं. तीन महिने संपले त्या दिवशी बाई खिडकीशी आल्या, म्हणाल्या, "राहू दे तिला," आणि निघून गेल्या. ह्यांनी बातमी ऐकून स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली. पन्नाशीच्या माणसानं घेऊ नये अशी होती, पण घेतली.

हे सगळं इथं संपलं असतं तर किती बरं झालं असतं! पण सुट्ट्या संपून शाळा सुरू झाल्यावर, एका संध्याकाळी घरी जाताना ठमी रस्त्यात थांबली.

"आई, बाईंना डावीकडचं दिसत नाही."

"काहीतरीच काय!"

"परवा डावीकडून एक मुलगा त्यांना हात करत होता, त्यांना पत्ताच नाही. उतरताना डावीकडचा खांब लागतो. हल्ली सगळी मान फिरवून बघतात, आधी नुसते डोळे फिरवायच्या. मला खात्री नव्हती म्हणून मी चार दिवस त्यांचीच चकती गुपचूप टाकली. रोज दोनदा, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. उजवीकडे चारही वेळा लगेच शिट्टी, पोरांचा खोडसाळपणा समजून ओरडल्याही. डावीकडे एकदाही नाही."

 मी काय म्हणावं? मी म्हटलं, "गप्प बस. कुणाजवळ बोलू नकोस."

"आई!"

"त्या बाईनं तुला उभं केलंय ठमे. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत त्यांच्या. एकतीस वर्षं त्या खुर्चीत काढलीत, आणि तू त्यांना खाली उतरवणार? तुझं तू त्यांच्या डाव्या बाजूला लक्ष ठेव की."

"डावीकडे पायऱ्या आहेत. लहान मुलं तिथूनच उतरतात." ती थांबली. "आणि माझी सुट्टी असेल तेव्हा?"

याला उत्तर नव्हतं, म्हणून मी चिडले. मला उत्तर नसलं की मी चिडतेच. म्हटलं, फार शहाणी झालीस, कृतघ्न कुठली.  दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी. ती सकाळी फोन घेऊन पडली ती पडलीच. हाक मारली तर ओ नाही, जेवण तसंच झाकून ठेवलेलं, बोट वर, वर, वर. त्याच्या दुसऱ्या दिवशी डोकं दुखतंय सांगून कामावर गेली नाही, आणि पुन्हा तेच. मी दारात उभी राहून बघत होते. मीच तिला म्हटलं होतं ना, जे दिसतंय ते बघू नकोस म्हणून? मग कुठं बघणार ती? इतक्या महिन्यांची तिची मेहनत मी एका वाक्यात मातीत घातली होती. आत जाऊन तसं सांगायला हवं होतं. मी दार लोटून कामावर गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठली, तोंड धुतलं, फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "चल."

पंपघरात बाई चहा पीत होत्या. मी मागे दाराशी उभी. ठमी समोर जाऊन उभी राहिली. 

"बाई, तुम्हाला डावीकडचं दिसत नाहीये." आणि चकतीचं सगळं सांगितलं. वार, वेळ, कुठल्या फरशीजवळ टाकली, सगळं.

 बाईंचा चेहरा लालबुंद झाला. "तू माझी परीक्षा घेतलीस? तू?"

"हो."

"आणि तुला काय वाटलं, मी काय म्हणेन?"

"मला वाटलं, तुम्ही मला हाकलून द्याल," ठमी म्हणाली. "पण मला दिसलं ना. मग सांगायला नको?"

बाईंनी हातातला कप ठेवायला घेतला.  डावीकडे ठेवायला गेल्या, तो बाकाच्या कडेला लागून कलंडला आणि चहा सांडला. त्या सांडलेल्या चहाकडे बघत म्हणाल्या, "मला वाटत होतं, वय झालं." आणि मग एकदम खेकसल्या, "उभी काय राहिलीस? साडेसातला दार उघडेल. माझी पाळी तू घे. जा!"

दुपारी मी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्याची कडेची नजर बरीच गेली होती, उजव्याची जायला लागली होती. डॉक्टर म्हणाल्या, गेलेली परत येणार नाही, पण रोज थेंब घातले तर राहिलेली टिकेल, आणि राहिलीय ती पुष्कळ आहे. "दुखत नाही, लाल होत नाही, त्यामुळे लोक फार उशिरा येतात," त्या म्हणाल्या. "तुमच्या लक्षात कसं आलं?"

"माझ्या नाही आलं," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे एक आगाऊ पोरगी आहे."

आता कुणाला वाटेल, बाईंनी लगेच ठमीला जवळ घेतलं असेल. नाव नको. पंधरा दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. खुर्ची सोडावी लागली त्यांना, आणि ते त्यांना झोंबलं. माझ्याशीही तुटक. मग तलावाच्या साहेबांनी त्यांना लहान तलाव दिला, पाण्याला घाबरणाऱ्या मोठ्या बायकांना शिकवायला. आता विचारूच नका. कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून चाळीस-पन्नास वर्षांच्या बायकांना सांगतात, "मी सव्विसाव्या वर्षी शिकले, तेही रडत. तुम्ही निदान हसत शिका." नावनोंदणीला माझ्या खिडकीवर रांग लागते.

एकदा त्याच रांगेतून डोकावून म्हणाल्या, "खिडकी, मला तुझी पोरगी आवडत नाही."

"का हो?"

"तिला दिसतं आणि गप्प बसवत नाही. पुढेमागे मुख्य गार्ड होणार ही बया. मी साहेबांना सांगून ठेवलंय." आणि डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली म्हणून गेल्या.

मला ठमीची माफी मागायची होती. रस्त्यात तिला गप्प बस म्हटलं, कृतघ्न म्हटलं, ते आत सलत होतं. पण आमच्या घरात माफी मागायची पद्धत नाही, आम्ही त्याऐवजी जास्त वाढतो. म्हणून गेल्या रविवारी दुपारी जेवताना मी तिच्या ताटात वाढतच राहिले. हे बाहेर गेले होते, आम्ही दोघीच. तिचा फोन शेजारी पालथा पडलेला. मी मनात शब्द जुळवत होते, आणि ती जेवायची थांबून माझ्याकडे बघत होती. एकटक, नीट, कितीतरी वेळ.

"काय गं? अशी काय बघतेस?"

"आई," ती म्हणाली, "तुझे केस एवढे कधी पांढरे झाले?"

मी वाढायचं थांबले. "झाले. या दोन वर्षांत."

"मी तर घरातच होते." तिचे डोळे भरून आले. "मला दिसलेच नाहीत गं."

मला बोलायला खूप होतं. माफीचे शब्दसुद्धा जुळले होते एव्हाना. पण "आता दिसले ना," एवढंच म्हटलं, आणि हातातला डाव तसाच धरून मी भरल्या ताटावर हमसाहमशी रडले.